तिपटीचं गणित

१४५ ला ३ ने गुणलं की ४३५ येतात. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, दोन लाडक्या बँडचं नातं एवढंच आहे. भारतात त्यांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ या दोन बँडवर बोलता येतं. पहिल्याच्या लहरी साधारण दोन मीटर लांब, दुसऱ्याच्या जेमतेम सत्तर सेंटिमीटर. दोन्हींसाठी मिळून एकच दिशादर्शक अँटेना घरी करायला बसलं, की ही तिप्पट आधी मदतीला येते आणि मग आडवी येते.

दोन्ही बँड एकाच वेळी हवेत कशाला? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकासाठी. तिथला हॅम रिपीटर सुरू असतो तेव्हा १४५.९९० वर बोललेलं उचलतो आणि लगेच ४३७.८०० वर परत पाठवतो. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि आपल्या आकाशात फार तर दहा मिनिटं असतं. इस्रोने २००५ मध्ये सोडलेला ‘हॅमसॅट’ही दोन बँडवरच चाले, फक्त उलट क्रमाने: ऐकायचा ४३५ वर, बोलायचा १४५ वर. खालून हातातल्या पाच वॅटच्या वॉकीटॉकीने हे जमवायचं, तर सगळी ताकद एका दिशेला वळवावी लागते.

ती वळवणारी रचना आपल्या ओळखीची आहे. दूरदर्शनच्या काळात गच्चीगच्चीवर आडव्या दांड्यांचा जो सांगाडा दिसायचा, तोच हा यागी अँटेना. जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो १९२६ च्या सुमारास मांडला. कष्ट बरेचसे उदांचे, पण इंग्रजीत लेख यागींनी लिहिला, त्यामुळे नाव त्यांचं रुजलं. यात केबल एकाच, मुख्य दांडीला जोडलेली असते. मागची जरा लांब दांडी लहरी परतवते, पुढच्या आखूड दांड्या त्यांना वाट दाखवतात. अँटेना नवी ऊर्जा तयार करत नाही. भलतीकडे वाया जाणारी ऊर्जा पुढे ढकलतो. तीन दांड्यांच्या यागीने पुढच्या दिशेला साधारण पाचपट जोर मिळतो.

मापं सोपी आहेत. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४६ साठी अर्धी तरंगलांबी सुमारे १०३ सेंटिमीटर, पण धातूची दांडी त्याहून पाचेक टक्के आखूड ठेवली की नीट अनुनादते: म्हणजे ९७-९८ सेंटिमीटर. ४३७ साठी तेच माप साडेबत्तीसच्या आसपास येतं. मागची दांडी याहून चार-पाच टक्के लांब, पुढच्या तेवढ्याच आखूड.

आता तिप्पट. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की तीच तार तीन भागांतही थरथरते आणि वरच्या सप्तकातला पंचम कानी येतो. ९८ सेंटिमीटरच्या दांडीचं तसंच होतं. ती १४५ ला अर्ध्या लहरीची असते आणि ४३५ ला दीड लहरीची, म्हणून दोन्हीकडे अनुनादते. वाटेल, मग एकाच अँटेनात काम झालं! होत नाही. दीड लहरीच्या दांडीतून ऊर्जा सहा पाकळ्यांत फुटते, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या पाकळ्या तिरक्या जातात. शिवाय १४५ च्या लांब दांड्या ४३५ च्या दांड्यांशेजारी समांतर बसवल्या, तर त्याही आगंतुकासारख्या थरथरतात आणि नेम बिघडवतात.

यावर एक देखणा उपाय आहे. ४३५ ची मुख्य दांडी केबलला न जोडता १४५ च्या मुख्य दांडीपुढे काही सेंटिमीटरवर ठेवायची. जवळिकीनेच तिच्यात प्रवाह खेळतो आणि एका केबलवर दोन्ही बँड चालतात. पण इथे प्रत्येक माप दुसऱ्या मापावर अवलंबून असतं. ‘फोर-नेक-टू’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बराच वेळ घालवायची तयारी असेल, तरच या वाटेला जावं. पहिल्या अँटेनासाठी माझं मत सरळ आहे: एकाच पीव्हीसी पाइपवर दोन यागी, एक उभा, एक आडवा. काटकोनात असलेल्या दांड्या एकमेकींत जवळजवळ प्रवाह निर्माण करत नाहीत. भांडण मिटलं.

दांड्या किती? १४५ ला तीन, ४३५ ला सहा-सात. ही विषमता मुद्दाम आहे. वारंवारता तिप्पट झाली की तेवढ्याच जोराचा अँटेना नऊपट कमी ऊर्जा गोळा करतो. ती तूट दांड्या वाढवून थोडीफार भरून काढायची.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. १४५ साठी पोलादी मेजर टेपचे तुकडे झकास. जिन्यातून नेताना वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. डाग देण्याआधी रंग मात्र खरवडून काढा. ४३५ ला टेपची रुंदीच मापात ढवळाढवळ करते, तिथे ॲल्युमिनियमच्या बारीक सळ्या घ्याव्यात. यागीचा रोध वीस-पंचवीस ओहमपर्यंत उतरतो आणि केबल असते पन्नासची. मुख्य दांडी किंचित आखूड कापून तिच्या मधल्या फटीवर यू आकाराची तार डागली की जमतं. १४५ ला तेरा सेंटिमीटरची तार पुरते. नॅनोव्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र मित्राकडून उसनं आणा आणि तपासा. अंदाजाने कापाकापी करू नका.

एवढं करूनही तिप्पट शेवटचा डाव टाकते. १४५.९९० च्या तिप्पट ४३७.९७०. म्हणजे आपल्याच रेडिओतून निसटलेली तिसरी हार्मोनिक, ऐकायच्या ४३७.८०० पासून अवघ्या १७० किलोहर्ट्‌झवर. स्थानकाचा क्षीण आवाज तिच्यापुढे टिकत नाही. बोलायला बटण दाबलं की रिसीव्हर बहिरा. म्हणून प्रक्षेपणाच्या केबलमध्ये वरच्या वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टर हवाच. दोन बँड वेगळे करणारा डिप्लेक्सर वापरलात तर हा फिल्टर त्यातच येतो.

स्थानक येताना ४३७ ची वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्‌झने वर सरकलेली असते, जाताना तेवढीच खाली; डायल फिरवत राहावं लागतं. मनगटही फिरवायचं, कारण येणाऱ्या लहरींची कंपनदिशा बदलत असते.

प्रक्षेपणाला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. त्यासाठी परीक्षा आहे, आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स येण्याची अट नाही. परवाना हाती येईपर्यंत १४५ ची केबल रेडिओला जोडू नका.