आधी टाचण्या

सकाळी 8. पेण. गणपतीच्या कारखान्यात स्कॅनर मांडायला कोरडा कोपरा शोधतोय. पावसाळ्यात मी ही कामं घेतच नाही. दमट कागद एकमेकांना चिकटून आत जातात. काका ऑर्डरच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवतात.
"सगळ्या हव्यात?"
"मंडळवाले येतात, म्हणतात गेल्या सालापेक्षा बोटभर मोठी द्या. मग गेलं साल बघायला नको?"

9.30. अजून एक पानही झालेलं नाही. टाचण्या, गंजलेल्या पिना, डिंकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या. यंत्र मिनिटाला चाळीस पानं ओढतं. ती मोकळी करायला मला अर्धा तास लागतो. लोक पैसे यंत्राचे देतात.

11. ऐंशी पानांनंतर लक्षात आलं: प्रत्येक पानावर एक उभी रेघ, नेमकी रकमेच्या रकान्यातून. मूर्ती घासणाऱ्या पोरांची प्लास्टरची धूळ काचेवर बसली होती. काच पुसली. ऐंशीच्या ऐंशी पुन्हा.

1.15. रोह्याची गाडी. नागोठणं आलं की 1989 चा जुलै आठवतो. अंबा नदी गावात शिरली होती. किती दुकानांचा रोजमेळ त्या पाण्यात गेला असेल!

2.30. धाटाव एमआयडीसी. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, स्कॅनर मात्र खुशाल आत. हिशेब खात्यातल्या थर्मल कागदाच्या पावत्या पार कोऱ्या झाल्यात. त्यांचं मी काय स्कॅन करणार?

4. "आता कागद रद्दीत द्यायचे ना?" मॅडम विचारतात. मी म्हणतो, घाई नको, आधी सीएंना विचारा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद मांडताना कलम 63 चं प्रमाणपत्र जोडायचं असतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा; आतलं एक अक्षर बदललं की ठसा बदलतो.

6.30. रोह्याची बाजारपेठ. शेठ आजोबांची चोपडी काढतात. सगळी मोडीत. पानं हाताने उलटत, एकेक करून घेतो. अक्षर काळंभोर, स्कॅन सुरेख.
"फाइलला नाव काय देऊ, शेठ? कसला हिशेब आहे हा?"
ते चष्मा लावून बराच वेळ बघतात. "आमचाच आहे."
'मोडी-1' टाकतो. शेठ चोपडी लाल फडक्यात बांधून पुन्हा कपाटात ठेवतात.