आधी तेल, मग सेल्फ

वर्षानुवर्षं शेडात उभ्या असलेल्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तिला बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. घरात उत्साह असतो, पोरं जमलेली असतात. कुणीतरी नवी बॅटरी आणतं, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओततं आणि सेल्फ मारतं. इंजिन हललं नाही की ट्रॅक्टर येतो, दोर बांधला जातो आणि गिअर टाकून गाडी ओढली जाते. पिस्टनच्या रिंगा, वाल्व्ह, बेअरिंगचा मऊ थर असं जे जे इतकी वर्षं शाबूत राहिलेलं असतं, ते त्या ओढाताणीत मोडतं. मग ‘इंजिन गेलंय’ म्हणत गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. असं होऊ नये, म्हणून हा लेख.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात, एका बागायतदाराच्या शेडात, १९५१ची शेवरलेट पिकअप आहे. एके काळी ती गुळाच्या ढेपा भरून कोल्हापूरच्या शाहूपुरीत यायची. ऐंशीच्या दशकात एका पावसाळ्यात ती उभी राहिली ती राहिलीच. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात हयात घालवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींनी ती पुन्हा चालती केली. मी त्यांच्या हाताखाली उभा राहून पाने देत होतो आणि विचारत होतो. पुढचं बरंचसं त्या विचारण्यातून आलेलं आहे.

गाडीचं कूळ आधी सांगतो. शेवरलेटने ट्रकांची ही नवी मालिका अमेरिकेत १९४७च्या उन्हाळ्यात बाजारात आणली. गोलाई घेतलेली केबिन, रुंद नाक, पुढच्या जाळीत पाच आडव्या पट्ट्या. अर्ध्या टनाच्या पिकअपला ३१०० हा क्रमांक होता. १९५५च्या सुरुवातीपर्यंत ही मालिका चालली. मुंबईशी या कंपनीचं नातं त्याहून जुनं. शेवरलेटची मूळ कंपनी जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडीत त्यांच्या गाड्या, ट्रक व्हायचे. स्वातंत्र्यानंतर धोरण बदललं. भाग इथेच बनवण्याची तयारी नसेल तर नुसती जोडणी चालणार नाही, अशा अर्थाची शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ मध्ये केली आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम बंद केलं. या पिकअपचे सुटे भाग त्यानंतर दुर्मीळ होत गेले. पुढे पेट्रोल महागलं, तशी कित्येक जुन्या ट्रकांची मूळ इंजिनं काढून त्यांत डिझेल इंजिनं बसली. त्यामुळे मूळ इंजिनासकट उभी असलेली गाडी सापडली तर ती जपलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकही नट खोलला नाही. नुसते गाडीभोवती फिरले. गाडी कुठे उभी होती, बाजूला काय होतं, पाणी कुठून गळत होतं, हे विचारत राहिले. शेडाला लागून गोठा होता, हे कळल्यावर ते म्हणाले, “मग जाळी आधी बघायची.” जाळी म्हणजे रेडिएटर. तो तांब्या-पितळेचा असतो आणि गोमूत्रातून, शेणातून सुटणाऱ्या अमोनियाने ताणाखाली असलेल्या पितळेला बारीक चिरा जातात. या गोष्टीचा इतिहास भारतातलाच आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली की आपोआप तडकायची. कोडं बरीच वर्षं सुटलं नाही. अमोनिया, दमट हवा आणि पितळेत राहिलेला ताण या तिन्हींची ती एकत्र करणी आहे, हे १९२१ साली स्पष्ट झालं. मिस्त्रींना काडतुसांची हकिगत ठाऊक नव्हती, पण गोठ्याशेजारची जाळी टिकत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं होतं. रेडिएटर पाण्यात बुडवून हवा भरली, तेव्हा वरच्या टाकीच्या सांध्यालगत बुडबुड्यांची ओळ उठली.

आता इंजिन. शेवरलेटचं हे सहा सिलिंडरचं इंजिन २१६ घन इंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं आहे. कंपनीने सांगितलेली ताकद ९२ अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा आणि पिस्टनही बिडाचेच. वर्षानुवर्षं वापर नसला की सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल निथळून जातं, एखादा वाल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यातून दमट हवा आत शिरते आणि रिंग भिंतीला गंजाने धरते. यालाच इंजिन जॅम झालं म्हणतात. ते सोडवायला जोर कमी आणि वेळ जास्त लागतो. सहाही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात पातळ, झिरपणारं तेल सोडायचं आणि गाडीला हात लावायचा नाही. रोज थोडं तेल घालायचं, थोडी वाट बघायची. मिस्त्री ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण वापरतात. अशा मिश्रणाजवळ विडी-काडी न्यायची नाही, हे त्यांनी मालकाच्या नातवाला दोनदा बजावलं.

मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावायचा आणि पुढे-मागे नुसता हेलकावा द्यायचा. इंजिन एका बाजूला अगदी किंचित हललं की जिंकलं. मग दुसऱ्या बाजूला, पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. पाना आवळताना मिस्त्रींचा कान बॉनेटखाली होता. एका क्षणी आतून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि ते लगेच थांबले. वरचं झाकण काढलं तर एक वाल्व्ह गाइडमध्ये अडकून वरच राहिला होता. त्याच जोराने पुढे रेटलं असतं तर पुशरॉड वाकला असता. त्यांनी वाल्व्हच्या दांडीवर तेल सोडलं, लाकडी ठोकळ्याने वरून हलके हलके ठोकत त्याला खाली बसवलं, परत उचललं, परत बसवलं. तो मोकळा व्हायला पूर्ण दुपार गेली.

या इंजिनाची एक खासियत जुन्या मिस्त्रींनाच माहीत असते. आजच्या इंजिनात प्रत्येक बेअरिंगला पंपाने दाब देऊन तेल पोचतं. इथे क्रँकच्या मुख्य बेअरिंगला तसं पोचतं, पण कनेक्टिंग रॉडला नाही. प्रत्येक रॉडच्या तळाला पत्र्याची छोटी पळी असते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तिच्या खाली तेलाची एक एक कुंडी असते. रॉड फिरताना पळी त्या तेलात बुडते आणि तेल उचलून बेअरिंगला देते. बेअरिंगही सुटं नसतं, रॉडमध्येच व्हाइट मेटल ओतून ते घडवलेलं असतं. आता चाळीस वर्षांत कुंड्या वाळलेल्या आणि तळाशी तेलाचा काळा गाळ बसलेला. अशात सेल्फ मारला, तर मऊ व्हाइट मेटल पहिल्या मिनिटातच कोरडं घासलं जातं. म्हणून चेंबर खाली उतरवणं भागच होतं. गाळ खरवडून काढला. कुंड्या आणि तेलाच्या नळ्या रॉकेलने धुतल्या आणि चेंबर परत चढवताना कुंड्यांत हाताने नवं तेल भरलं. लेखाचं शीर्षक मिस्त्रींच्या तोंडचं आहे. हे काम करताना ते तसं म्हणाले, आणि माझ्या मते कुठल्याही बंद इंजिनाला ते लागू आहे.

तेलाच्या दाबाबद्दल इथेच सांगून टाकतो. या गाडीच्या काट्यावर आकडे जेमतेम ३० पौंडांपर्यंतच आहेत आणि गाडी धावताना काटा १४च्या आसपास राहिला तरी तो ठीकच असतो. आजच्या गाड्यांची सवय असलेला माणूस हे पाहून घाबरतो आणि चांगलं इंजिन खोलायला सांगतो. तसं करू नये.

विजेचं काम तुलनेने सोपं आहे, पण अपुऱ्या माहितीमुळे सर्वात जास्त बिघडतं. गाडी ६ व्होल्टची आहे. तितकीच ताकद काढायची तर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट वाहतो, म्हणून सेल्फच्या केबल जाड लागतात. बाजारात सहज मिळणाऱ्या आजच्या कारच्या केबल लावल्या की सेल्फ कण्हल्यासारखा फिरतो आणि सगळे म्हणतात, ‘६ व्होल्टमध्ये दमच नाही.’ जाड केबल, अर्थिंगच्या जागी घासून चकचकीत केलेला पत्रा, आणि तोच सेल्फ जोमाने फिरतो. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी मात्र सगळ्या बदलायच्या. उंदरांनी कुरतडलेल्या एका वायरीने पूर्ण केबिन जळू शकते. बॅटरी जोडल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, कटआउटच्या बॅटरीकडच्या आणि डायनॅमोकडच्या अशा दोन टोकांना वायरीचा तुकडा क्षणभर टेकवतात. त्याने डायनॅमोची चुंबकी दिशा ठरते. ही एक कृती राहून गेली तर डायनॅमो उलटा चार्ज करू शकतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात.

पेट्रोलची टाकी या मॉडेलमध्ये केबिनच्या आत, सीटच्या मागे आहे. जुनं पेट्रोल आत डिंकासारखं काळं झालेलं होतं आणि खोली भरून वार्निशचा वास आला. टाकी उतरवली, आत नट-बोल्ट आणि पाणी घालून खूप वेळ हलवली, मग सौम्य आम्लाने धुतली. इथे एक सक्त सूचना. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायला धजू नका. पेट्रोल संपलेलं असतं, वाफ असते, आणि वाफच फुटते. कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंपाला चामड्याची वाटी असते, ती वाळून आखडलेली होती. नवी मिळेपर्यंत तिला तेलात भिजत ठेवलं, ती मऊ झाली आणि कामाला आली.

आजचं पेट्रोल ही नवी अडचण आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं, कॉर्कच्या गॅस्केटला पोखरतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. म्हणून पेट्रोल पंपाचा डायाफ्राम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायची, असं मालकाला सांगितलं. ऑक्टेनची काळजी नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की साधं पेट्रोल पुरेसं आहे.

ब्रेकबाबत मिस्त्रींनी तडजोड केली नाही. गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतात. शिवाय या गाडीत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच लाइन. एक नळी फुटली की पेडल सरळ तळाला जातं. गंजलेले व्हील सिलिंडर उद्यमनगरातल्या लेथवर आतून कापून त्यांत पितळी बाही बसवली. सगळे रबरी पाइप आणि लोखंडी नळ्या नव्या घेतल्या. या कामी कोल्हापूरसारख्या गावांना मोठं वरदान आहे. सुटा भाग मिळाला नाही तर तो बनवून देणारा माणूस दोन गल्ल्या सोडून भेटतो.

टायरचा योग चांगला जुळला. या पिकअपचं मूळ माप ६.००-१६. जीपलाही तेच माप लागायचं, त्यामुळे ते आजही मिळतं. फक्त दुकानात नीट पाहून घ्यावं, कारण याच मापाचे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचेही टायर येतात आणि ते रस्त्यावरच्या वेगासाठी नसतात.

सुरू करण्याचा दिवस आला तेव्हा प्लग काढूनच सेल्फ फिरवला. त्यामुळे इंजिनावर दाब नव्हता आणि तेलाचा काटा हलेपर्यंत फिरवता आलं. मग प्लग लावले, पॉइंट बारीक कानशीने साफ करून अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी अंतर ठेवलं. मूळ टाकीऐवजी छोट्या डब्यातून कार्ब्युरेटरला पेट्रोल दिलं आणि आग विझवायचं यंत्र हाताशी ठेवलं. सेल्फचं बटण या गाडीत पायाखाली असतं. ते मालकाच्या आईने दाबावं, असं मिस्त्रींनी आग्रहाने सांगितलं, कारण गाडी त्यांच्या लग्नानंतर घरात आली होती. सायलेन्सरमधून उंदरांच्या घरट्याचं गवत उडालं, निळा धूर आला, आणि सहाही सिलिंडर लागले. मिनिटाच्या आत इंजिन बंद केलं, पाणी, तेल, गळती तपासली आणि मग पुन्हा सुरू केलं.

रंगाबद्दल घरात वाद झाला. नातवाला लाल हवा होता. मूळचा गडद हिरवा रंग उन्हाने फिका पडलाय, पण दारावर पेंटरने हाताने लिहिलेलं मालकाचं नाव आणि गाव अजून वाचता येतं. मी आणि मिस्त्री दोघांनीही तो तसाच ठेवायला सांगितलं. गंज थांबवला आणि पत्र्याला मेण लावलं, हौद्याच्या सागवानी फळ्यांना जवसाचं तेल पाजलं. नवा रंग कधीही देता येतो, ती अक्षरं परत येणार नाहीत.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण त्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसाठी नेता येते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपचा प्रश्न इथे अडकू शकतो, म्हणून आरसी पुस्तकात वापराचा प्रकार काय लिहिलाय ते पाहूनच आरटीओत जावं.

तुमच्या गावाकडे अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिला सुरू करायला जाऊ नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून भोकांत तेल सोडा, चाकं उचलून एक्सलखाली लाकडी ठोकळे द्या, गोठ्याजवळ असेल तर तिथून हलवा आणि आरसी पुस्तक शोधून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका दुपारी एवढं होतं. मिस्त्री त्यानंतर शोधता येईल.