भुंग्याचें बिऱ्हाड

गेल्या चैत्रांत आमच्या घरांत एक लहानसा तंटा उपस्थित झाला. मागच्या अंगणांतील मांडवाच्या लांकडी वाशाखालीं रोज सकाळीं बारीक भुसा पडलेला दिसूं लागला. वर पाहिलें तों वाशाला बोटभर रुंदीचें वाटोळें भोंक, आणि त्यांत शिरणारा काळाकुट्ट, निळसर पंखांचा भुंगा! मुलांना दंश होईल, या भयानें धाकट्या वहिनी अस्वस्थ झाल्या. भोंकांत रॉकेलचा बोळा कोंबावा, असें एकानें सुचविलें. आजी मात्र म्हणाल्या, "मारायचें तर आहेच, आधीं तो कोण तें तरी पाहा." तें आम्हीं पाहिलें, त्याचाच हा वृत्तांत.

इंग्रजी पुस्तकांत भेटणारी केसाळ बंबल-बी ती ही नव्हे. तिची वस्ती आपल्या देशांत मुख्यतः हिमालयाच्या थंड प्रदेशांत. नगरच्या उन्हांत गुणगुणतो तो सुतार भुंगा. त्याच्या झायलोकोपा या शास्त्रीय नांवाचा ग्रीक अर्थही लांकूड तोडणारा असाच आहे. आपल्या जिल्ह्याला तो परका नाहीं. शके १२१२ मध्यें नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या पहिल्याच अध्यायांत, कोरडें काष्ठ पोखरणारा भ्रमर कोंवळ्या कळींत मात्र सांपडून राहतो, असा दृष्टांत आहे. दृष्टांताचा अर्थ थोर आहेच; पण त्यामागील निरीक्षणही अचूक आहे. भुंगा पोखरतो तें वाळलेलें लांकूड. जिवंत झाडाच्या वाटेस तो सहसा जात नाहीं.

पोखरण्याचें काम मादीचें. ती लांकूड खात नाहीं. बोगद्यांत पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर ती अंडें घालते आणि भुशाचा पडदा उभारून पुढची खोली मांडते. आपल्या तोंडाशीं येऊन घोंघावतो तो बहुधा नर. त्याला नांगीच नसते. मादीला नांगी असते, पण तिला हातांत धरल्याशिवाय वा चेंगरल्याशिवाय ती सहसा डसत नाहीं. म्हणून भोंकांत काडी घालूं नये, एवढाच नियम आम्हीं मुलांना घालून दिला.

आतां स्वार्थाची गोष्ट. वांग्याच्या फुलांतील पराग केसराच्या टोंकावरील बारीक छिद्रांत कोंडलेला असतो. भुंगा फुलाला कवटाळतो, पंख न हलवतां अंग थरथरवितो, आणि पराग झरझर बाहेर पडतो. मधमाशीला ही विद्या येत नाहीं. वाऱ्यानें थोडें काम भागतें. पण भुंग्याच्या फेऱ्यांनीं फळ अधिक चांगलें धरतें. म्हणजे ज्याला आम्ही मारावयास निघालों होतों, तोच आमच्या भरल्या वांग्यांचा एक धनी!

अखेर तडजोड झाली. पिलें उडून गेल्यावर वाशाला तेलरंग दिला. कारण तीच घरें भुंगे पुढील वर्षीं पुन्हा वापरतात व लांबवितात. त्यांच्यासाठीं वळचणीला, पाऊस लागणार नाहीं अशा जागीं, एका बाजूनें उघडे असे वाळक्या बांबूचे तुकडे आडवे बांधले. शेवग्याची एक वठलेली फांदीही तशीच राहूं दिली. आपला जिल्हा पर्जन्यछायेंतला. तेव्हां बागही झेपेल तेवढीच केली. कुंपणाला तरवड, मांडवावर कृष्णकमळ, कोपऱ्यांत शेवगा. तरवडानें एकदां मूळ धरलें कीं पाण्याची हाक फारशी नसते. वांग्यांना भाज्या धुतलेलें पाणी पुरतें. औषधाचा फवारा मात्र आम्हीं वर्ज्य केला.

आतां सकाळीं कृष्णकमळांत शिरून पाठीला पराग माखून निघणारा भुंगा मुलांना सर्वांआधीं दिसतो, आणि ओरडून बोलावतात त्या धाकट्या वहिनी! लांकूड भेदणारा जीव कोंवळ्या पाकळीला जपतो, असें ज्ञानदेवांनीं सांगितलें. बोळा भिजविण्याचें सामर्थ्य आमच्याही हातीं होतें. तें आवरलें, याचें समाधान आम्हांस वाटतें.