मुक्तिदिनाच्या ताटात येसराची आमटी

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभापाशी ध्वजारोहण होईल, भाषणं होतील, विकासाच्या अनुशेषाचे आकडे पुन्हा निघतील. ते निघायलाच हवेत. पण मराठवाड्याचा हा सण सरकारी मैदानावर सुरू होतो आणि तिथेच संपतो, याची मला दरवर्षी खंत वाटते. पोळ्याला पुरणपोळी असते, महालक्ष्म्यांना आंबील असते. मुक्तिदिनाला मात्र ताट रोजचंच.

निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सोडवण्याचा लढा तर चुलीपाशीही लढला गेला आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेनं भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामानं शरणागती पत्करली, एवढं शाळेत पाठ होतं. त्याआधीचं वर्ष कुणी फारसं सांगत नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली, तरुणांनी घरं सोडली, संस्थानाच्या हद्दीबाहेर उमरखेडसारख्या गावांत कॅम्प उभे राहिले. रात्री आत यायचं, करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळायची, निजामाच्या पाठीराख्या रझाकारांशी झुंजायचं, उजाडायच्या आत परत फिरायचं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली गेली तीही लढ्याला पैसा हवा म्हणून. या पोरांना वाटेवरच्या गावांत कोणीतरी भाकरी देत होतं, आणि ती देताना घर जळण्याची भीती होती. बदनापूरजवळच्या दगडाबाई शेळके घोड्यावरून निरोप आणि हत्यारं पोचवत. त्यांचं नाव राहिलं. रात्री चूल पेटवून भाकऱ्या थापणाऱ्या बायांची नावं कुठल्या स्तंभावर नाहीत.

म्हणून त्या दिवशी घराघरांत ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी व्हावी, असा माझा आग्रह आहे. मराठवाड्याचं खाणं म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो. पण हुरडा थंडीतला. सप्टेंबरात रब्बीची ज्वारी अजून पेरायची असते, घर कणगीतल्या जुन्या ज्वारीवर चाललेलं असतं, नवा मूग-उडीद तेवढा आलेला असतो. अशा दिवसांत येसर कामाला येतं. डाळी, धान्य, धने आणि मसाले खमंग भाजून दळलेलं हे पीठ डब्यात महिनोन्‌महिने टिकतं. घरात भाजी नसली तरी अडत नाही. पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचं, लसणाच्या फोडणीत ओतायचं आणि उकळी फुटेपर्यंत हलवत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. वर तेलाचा तवंग आला की भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओतायची. सोबत कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी सुशीला करा, चुरमुऱ्यांची, भरपूर कूट घालून.

संभाजीनगरात असाल तर तिथल्या मुसलमानी खाण्यातला नान-खलियाही आणा. लढा निजामाच्या राजवटीशी होता, शेजारच्या मुसलमानाशी नव्हता. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. तेही या लढ्याचे हुतात्मे आहेत. आणि फौजांच्या त्या कारवाईनंतर, म्हणजेच पोलिस अ‍ॅक्शननंतर निरपराध मुसलमानांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांची नोंद पंडित सुंदरलाल समितीनं केली. तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला गेला. मुक्तिदिनाच्या भाषणात शोएबुल्लांचं नाव आणि या अहवालाचा उल्लेख, दोन्ही यायला हवेत.

१९४८ साली दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत. आईनं रात्री कोणासाठी भाकऱ्या केल्या, त्या कोण घेऊन गेलं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शिक्षकांनो, या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की मुलांना वह्या देऊन अशा आज्यांकडे पाठवा. बाईचं नाव आणि गाव, एवढं जरी लिहून आणलं तरी चालेल. पुढच्या वर्षी विचारायला गेलात तर उशीर झालेला असेल.