आरोग्यविमा, कामगारांचा : मालकांची वर्गणी व वऱ्हाडातील उद्योग

कामगारांच्या आजारपणाचा खर्च भागविण्यासाठी मालकांवर कायद्याने सोपविलेली आर्थिक जबाबदारी व तिचे पालन. ही जबाबदारी दोन प्रकारांनी पार पाडली जाते. पहिल्या प्रकारात मालक वेतनाच्या ठराविक प्रमाणात सार्वजनिक विमानिधीस वर्गणी देतो. दुसऱ्यात तो स्वतःच्या खर्चाने उपचारांची व्यवस्था करतो व निधीपासून सूट मिळवितो. दुसऱ्या प्रकारातही शासनाचे नियंत्रण सुटत नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यान्वये, कामगारांच्या उपचारांचा खर्च स्वतःच सोसणाऱ्या मालकास प्रत्येक संरक्षित व्यक्तीमागे वार्षिक शुल्क भरावे लागते. त्याची अंतिम तारीख ३१ जुलै असून ही रक्कम उपचारांच्या परिणामकारकतेवरील संशोधनासाठी वापरली जाते. भारतात असे स्वतंत्र शुल्क नाही. येथे सूट हीच मुदतबंद व सशर्त ठेवण्यात आली.

भारतातील योजनेचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने घातला. त्यावर आधारलेला कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ मध्ये संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. विदर्भात ती १९५४ मध्ये प्रथम नागपूरला आली. त्या वेळी नागपूर तसेच अमरावती व अकोला हे जिल्हे मध्य प्रदेश राज्यात होते. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात येऊन तिने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली. योजनेची मूळ चौकट मात्र कायम राहिली.

वर्गणी : दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना योजना लागू होते. वेतनाची कमाल मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रु. करण्यात आली. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या ४·७५ टक्क्यांवरून ३·२५ टक्के व कामगाराचा १·७५ टक्क्यांवरून ०·७५ टक्के झाला. त्यानुसार १२,००० रु. वेतनावर मालकाचे ३९० रु. व कामगाराचे ९० रु. मिळून ४८० रु. जमा होतात. दोन्ही हिस्से भरण्याचे दायित्व प्रथमतः मालकाचेच असते. कामगाराचा हिस्सा तो वेतनातून कापू शकतो. स्वतःचा हिस्सा कामगाराकडून वसूल करण्यास त्याला मनाई आहे.

वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे दोन ठरविण्यात आले. एका कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असल्यास कामगारास पुढील लाभकालात आजारपणाबद्दल वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. म्हणून हजेरीपटावरील प्रत्येक दिवसाला महत्त्व आहे. सत्तर दिवसांचीच नोंद झालेला कामगार प्रत्यक्षात नव्वद दिवस राबला असला, तरी कागदावर तो अपात्र ठरतो.

सूट : १९४८ च्या कायद्यान्वये शासन एखाद्या कारखान्यास एका वेळी एक वर्षापर्यंत सूट देऊ शकत असे. कामगारांना कायद्याइतके वा त्याहून सरस लाभ अन्य मार्गाने मिळत असले पाहिजेत, ही तिची अट होती. २०१० च्या दुरुस्तीने नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधी करणे आवश्यक केले. सूट देण्याचा अधिकार नव्या संहितेतही आहे. केवळ दवाखाना चालविणे किंवा खाजगी विमापत्र घेणे यामुळे कोणताही मालक वर्गणीतून आपोआप मुक्त होत नाही.

वऱ्हाडातील स्थिती : या भागात योजनेची सीमा कापसाने आखली आहे. सरकी काढणे व रुईच्या गाठी बांधणे या प्रक्रिया कायद्याच्या व्याख्येत ‘हंगामी कारखाना’ या सदरात मोडतात आणि असे कारखाने योजनेबाहेर ठेवण्यात आले आहेत. या प्रक्रियांच्या बाबतीत निकष कामाच्या महिन्यांचा नसून स्वरूपाचा आहे. जिन लांबलेल्या हंगामात आठ महिने चालले, तरी ते हंगामीच राहते. मात्र ते ‘केवळ’ याच कामात गुंतलेले असले पाहिजे. सरकीच्या तेलाचा कारखाना त्याला जोडलेला असल्यास हा दर्जा टिकतो का, हा प्रश्न उद्भवतो. उलट अकोल्याच्या सावतराम रामप्रसाद व मोहता आणि अचलपूरची विदर्भ या, १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या कापड गिरण्या बारमाही असल्याने हंगामी सदरात बसत नव्हत्या. परिणामी एकाच कापसावर काम करणारा गिरणी कामगार विमाधारक, तर जिनमधील कामगार विम्याविना, असा भेद निर्माण झाला.

जिनमधील कामगारास अपघाताची भरपाई मिळण्याचा हक्क आहे. १९२३ च्या कायद्यापासून ती जबाबदारी थेट मालकावर आहे. प्रसूतिलाभही १९६१ च्या कायद्यान्वये मालकानेच द्यावयाचा होता व त्यासाठी मागील बारा महिन्यांत ८० दिवसांचे काम आवश्यक असे. ही अट संहितेतही आहे. परंतु रुईच्या बारीक तंतूंमुळे होणारा श्वसनविकार किंवा साधा ताप यांसाठी त्याला विमानिधीचा आधार नाही. डाळ गिरण्यांसारख्या लहान उद्योगांत दहा कामगारांची मर्यादा निर्णायक ठरते. मात्र मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास त्याहून लहान आस्थापनाही योजनेत येऊ शकते.

कसूर : जुन्या विनियमांनुसार उशिरा भरलेल्या वर्गणीवर वार्षिक १२ टक्के व्याज आणि विलंबाच्या प्रमाणात २५ टक्क्यांपर्यंत नुकसानभरपाई आकारली जाई. कामगाराच्या वेतनातून कापलेली रक्कम निधीत न भरणे हा अधिक गंभीर गुन्हा असून त्यास कारावासाची तरतूद आहे. मालकाच्या कसुरीमुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ तो लाभ कामगारास देऊन रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. दिवाळखोरीत निघालेल्या कारखान्याच्या देण्यांतही या वर्गणीस अग्रक्रम असे.

वर्गणीचे नियमित पालन हे हिशेबाचे काम असले, तरी त्याचा परिणाम रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोचतो. वऱ्हाडात मात्र पालनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न योजनेच्या व्याप्तीचा आहे. कारण या प्रदेशाच्या मुख्य पिकावर प्रक्रिया करणारे अनेक कामगार, त्यांच्या मालकांनी कोणताही नियम मोडला नसतानाही, आरोग्यविम्याबाहेर राहतात.