पेनाचा लॅपटॉप

सकाळी 6:15. शहादा. गणिताचे सर आधी लॅपटॉप चार्जिंगला लावतात, मग चहा ठेवतात. मशीन लेनोवोचं, थिंकपॅड एक्स 220 टॅब्लेट. मॉडेल 2011 सालचं, सुरतेहून सेकंडहँड आणलेलं. पडदा मधल्या एकाच बिजागरीवर फिरतो आणि की-बोर्डावर उताणा झोपतो. मग त्यावर पेनाने लिहायचं.

7:00. सीईटीची बॅच. तासाचे 250 रुपये. क्लासचा प्रोजेक्टर जुना, त्याची वायर या मशीनला थेट बसते. सर कडेपासून दोन बोटं जागा सोडून लिहितात. पेन कडेला गेला की टोक एकीकडे, रेघ दुसरीकडे. आज इंटिग्रेशनची वरची मर्यादा घसरून खाली आली.
"काय व्हयनं सर?" मागून पोरगा विचारतो.
"पेन व्हयना म्हातारा," सर म्हणतात आणि पुसतात.

10:30. वहीची पानं पीडीएफ होऊन ग्रुपवर जातात. धडगावकडची पोरं गावी गेली की त्यांना रेंज मिळत नाही. त्यांच्यासाठी प्रिंट. पानाला 2 रुपये, सरांच्या खिशातून.

12:40. लाईट गेली. बॅटरी तासभर टिकली तर नशीब. खोलीत उकडतं म्हणून सर ओट्यावर येतात, पण उजेडात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. परत आत. तळहाताखाली रुमाल, कारण घामाने हात चिकटतो.

3:30. निब झिजली. सर चिमट्याने ती ओढून काढतात. काडीएवढा प्लास्टिकचा तुकडा, एका बाजूने तिरपा घासलेला. नवी बसवून बोटाने दाबतात आणि कोपऱ्यात सही करून बघतात. या पेनात सेल नाही. पडद्यामागच्या तारांच्या जाळीतूनच त्याला वीज मिळते. शेजारच्या सरांनी पूर्ण मागे दुमडणारा नवा लॅपटॉप घेतलाय. दिसायला देखणा. पण दुमडला की कळा खाली येतात, धरताना बोटांना लागतात. काच गुळगुळीत, अक्षर पळतं. पेनाला लागणारा सेल रिमोटच्या सेलपेक्षाही बारीक. दुकानदार रिमोटचाच पुढे करतो.

6:00. दहावीची बॅच. त्रिकोण, वर्तुळं. तासाला तेवढेच.

9:30. जेवण झाल्यावर सर मोबाईलवर नवी मशीनं बघतात. रोजचंच आहे. त्यांना हवंय ते फार नाही: बिनसेलचा पेन, खरखरीत पडदा, उन्हात दिसेल एवढा उजेड, बॅटरी घरच्या घरी बदलता यावी. पातळ नसलं तरी चालेल. मला विचाराल तर कंपन्यांनी मशीन पातळ केलं आणि लिहिणाऱ्याचा हात विसरल्या. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोच्या खोक्यात तर 2017 पासून पेनच येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. सरांना पटण्यासारखं मशीन लाखाच्या घरात जातं. 250 च्या हिशोबाने ते 400 तास झाले, पेनाचे वेगळे.