पाण्यातही चालणारं चाक

सप्टेंबर 2022 मधली बंगळुरूची दृश्यं अनेकांना आठवत असतील. 4 तारखेच्या रात्री पाऊस कोसळला आणि 5 तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत 131.6 मिलिमीटरची नोंद झाली. सर्जापूर रोडवरच्या रेनबो ड्राइव्ह वसाहतीत पाणी शिरलं. रहिवाशांना बाहेर काढायला कुठे होड्या आल्या, कुठे ट्रॅक्टर. आयटी कंपन्यांचे कर्मचारी ट्रॉलीत उभे राहून कामावर निघाले.

होडी आणि ट्रॅक्टर, दोन्ही का लागावेत? या भागात कसवनहळ्ळी, कैकोंड्रहळ्ळी, सौल केरे अशी तलावांची साखळी आहे. एक तलाव भरला की जादा पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, पुढच्या तलावात जातं आणि शेवटी बेळंदूर, वर्तूर करत दक्षिण पिनाकिनी नदीला मिळतं. नाला तुंबला किंवा अरुंद झाला की पाणी रस्त्यावर येतं. हा पूर एकसारखा खोल नसतो. इथे गुडघाभर, पुढच्या वळणावर छातीएवढा, मग कोरडं डांबर, मग चिखल. उथळ पाण्यात होडीचा तळ टेकतो आणि खोल पाण्यात ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी शिरायची भीती असते.

जमिनीवर चालणारं आणि पाणी आलं की न थांबता तरंगणारं यंत्र मात्र अस्तित्वात आहे. कॅनडातली ‘आर्गो’ ही कंपनी 1967 पासून सहा आणि आठ चाकांची उभयचर वाहनं बनवते. भारतीय सेनेकडे चार अजस्र चाकांचं ‘ॲटोर एन 1200’ आहे. 2025 च्या पुरात ते पंजाबमध्ये लोकांना बाहेर काढायला उतरलं होतं.

आठ चाकांच्या छोट्या गाडीचं उदाहरण घेऊ. तिचं अंग म्हणजे प्लास्टिकची एक अखंड, जलरोधक कढईवजा पेटी. पेटीचा तळ तीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरला, तर ती पाण्यात दहा सेंटिमीटर बुडताना 450 लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजेच प्रत्येक दहा सेंटिमीटरला 450 किलो वजन पेललं जातं. आर्किमिडीजचा नियम इथे शब्दशः माणसं उचलून धरतो!

टायरही विलक्षण. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, इथे पाचच्या आतबाहेर. त्यामुळे ते फुगीर टायर जमिनीवर पसरतात आणि वजन इतकं वाटलं जातं, की जिथे माणसाचा पाय रुततो तिथून ही गाडी निघून जाते. पाण्यात त्याच टायरांचे खोल खाचे वल्ह्यांचं काम करतात. वेग मात्र माणसाच्या चालण्याइतकाच. ॲक्सिलरेटर वाढवला तरी एका मर्यादेनंतर पाणी नुसतं घुसळलं जातं.

पुढची चाकं वळत नाहीत, तरी गाडी वळते! एका बाजूच्या चाकांची गती रोखली की दुसऱ्या बाजूची पुढे रेटतात आणि गाडी रणगाड्यासारखी फिरते. कोरड्या डांबरावर त्यात टायर घासले जातात, म्हणून तिथे वळण मोठं आणि सावकाश घ्यायचं.

आता सुरू करणं. पहिलं काम किल्लीचं नाही. पेटीच्या तळाला पाणी काढून टाकायची भोकं असतात. त्यांची बुचं घट्ट लागली आहेत ना, हे आधी पाहायचं. मग इंजिन ऑइल, पार्किंग ब्रेक, गिअर न्यूट्रलला. इंजिन सुरू झाल्यावर काही क्षण आयडलवर राहू द्यायचं, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोहोचतं.

गिअर मोजकेच असतात: हाय, लो, न्यूट्रल, रिव्हर्स. मधलं काम रबरी पट्टा करतो. इंजिन आयडलला असताना पट्टा पुलीत सैल असतो. फेरे वाढले की पुलीचे दोन भाग जवळ येतात, पट्टा आवळला जातो आणि गाडी हलते. पुढे पुलीवरच्या पट्ट्याच्या वेढ्याचा व्यास बदलत जातो आणि गुणोत्तर आपोआप साधलं जातं. स्कूटर चालवणाऱ्याला हे ओळखीचं आहे. आयडलवर पट्टा सैल असतो, म्हणूनच गिअर बदलायचा तो गाडी पूर्ण थांबवून, इंजिन आयडलवर आणून. चालत्या गाडीत दांडी ओढली तर दातांवर दात आदळतात. पाण्यात उतरायचं तर लो गिअरमध्ये, काठाशी सरळ रेषेत आणि सावकाश. तिरकं उतरलं तर गाडी कलंडू शकते.

सगळ्यात सुंदर गोष्ट नव्या इंजिनाच्या आत घडते. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम आडव्या-तिडव्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. टाकी लावलेल्या नव्या पाट्याची खरखर पहिल्या वाटणांत जाते आणि मग तो नीट चालतो, तशीच या भिंतीवरची टोकं पिस्टनच्या रिंगा घासून काढतात आणि रिंग भिंतीशी चपखल बसते. रेघांच्या खोलगट भागात तेल टिकून राहतं. रिंगेला भिंतीवर दाबण्याचं मोठं काम जळत्या वायूचा दाब करतो. म्हणून नवं इंजिन नुसतं आयडलवर गुरगुरत ठेवलं तर रिंगा बसत नाहीत. फार ताणलं तर घर्षणाने तापतं. उपाय मधला आहे: पुस्तिकेत दिलेल्या सुरुवातीच्या तासांत वेग सतत कमी-जास्त करायचा, थोडा भार द्यायचा, थोडी विश्रांती द्यायची. पहिलं ऑइल लवकर बदलायचं, कारण घासून निघालेले धातूचे कण त्यात असतात.

याच काळात पट्ट्याचे पृष्ठभाग पुलीशी जुळतात. चाकं फिरवणाऱ्या साखळ्या किंचित ताणून सैल होतात. त्या तपासून पुन्हा ताणाव्या लागतात. पाण्यातून आल्यावर बुचं काढून पेटी रिकामी करायची आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पुराच्या दिवशी खोक्यातून काढलेलं नवं वाहन भरवशाचं नसतं. त्याच्या रिंगा बसलेल्या नसतात, साखळ्या ताणलेल्या नसतात आणि चालवणाऱ्याचा हातही बसलेला नसतो. सर्जापूर रोड असो की सांगली-कोल्हापूर, ज्या पालिका, अग्निशमन दलं आणि मोठ्या वसाहती असं वाहन घेतील, त्यांनी ते उन्हाळ्यातच बाहेर काढावं. आधी मैदानात, मग परवानगी घेऊन तलावात, लाइफ जॅकेट घालून सराव करावा. पहिला पाऊस पडण्याआधी गाडी आणि चालक दोघंही तयार हवेत.